एकजण हात हलवतो

"मामा, ती म्हातारी हवी. खिडकीतून खाली बघणारी. रडणारी नको हां, नुसती बघणारी."

एडिटरने मान न वळवता फर्मावलं. मामांनीही मान न वळवता विचारलं, "डाव्या खिडकीतली की उजव्या?"

"दोन आहेत?"

"तीन. तिसरीत मांजर आहे, म्हातारी मांजराकडे बघते. ती तुझ्या कामाची नाही. डावी घे. चौथ्या सेकंदाला डोळे मिचकावते, त्याच्या आधी तोड."

मामांची बोटं दोनदा टकटकली आणि म्हातारी एडिटरच्या पडद्यावर हजर झाली. डावी खिडकी, कोरडे डोळे. एडिटरने चौथ्या सेकंदाच्या आधी तोडली आणि पुढच्या कामाला लागला. आभार मानायची पद्धत या खोलीत नव्हती. नळ सोडल्यावर पाणी आलं म्हणून नळाचे आभार कोण मानतं?

मामांबद्दल या इमारतीत जेवढ्या कहाण्या सांगितल्या जात, त्यांतल्या निम्म्या खऱ्या होत्या आणि उरलेल्या निम्म्या खुद्द मामांनीच पिकवलेल्या. एका दिग्दर्शकाला म्हणे स्वप्नात एक शॉट दिसला. सकाळी येऊन तो हळहळू लागला, असा शॉट घ्यायचा राहून गेला म्हणून. मामा म्हणाले, "घेतलाय की. तुम्ही जेवायला गेला होतात." आणि काढून दाखवला. एकदा दुपारभर वीज नव्हती, तर मामांनी अख्खा सिनेमा शॉटामागून शॉट तोंडी सांगितला, आणि संध्याकाळी निर्माता म्हणाला, पडद्यावर बघितला त्यापेक्षा हाच बरा होता. त्या निर्मात्याला शोधू गेलं तर तो सापडत नाही, ही गोष्ट वेगळी.

खरं होतं ते एवढंच, की गेली एकतीस वर्षं चित्रीकरणाचा प्रत्येक तुकडा आधी मामांच्या डोळ्यांखालून जात होता. तुकडा बघायचा आणि डेटाबेसात त्याची एक ओळ भरायची: टेपचा क्रमांक, तारीख, तुकडा कुठे सुरू होतो, कुठे संपतो. शेवटच्या रकान्यात शेरा. काय दिसतं ते चार शब्दांत, आणि टेक जमला असेल तर 'ओके', फसला असेल तर 'एनजी'. अशा एक लाख ऐंशी हजार ओळी भरून झाल्या होत्या. त्यांतली एकही मामांनी नंतर पुसली नव्हती. नोंद पुसणाऱ्या माणसाच्या हातचं पाणी पिऊ नये, असं ते म्हणत.

सिस्टीम सांभाळायला नवी आलेली मुलगी दारात येऊन उभी राहिली. बिचारी बातमी सांगायच्या आधीच ओशाळलेली होती.

"मामा, शनिवारी दुपारी जुना डेटाबेस बंद होतोय. नवीन सिस्टीम चित्र बघून आपोआप नोंद करते."

"काय नोंद करते? दाखव."

मुलीने डाव्या खिडकीतली म्हातारी नव्या सिस्टीमला दाखवली. क्षणभर विचार करून सिस्टीमने लिहिलं: व्यक्ती. खिडकी. दिवस.

"दिवस बरोबर आहे," मामा म्हणाले.

एडिटर फिसकन हसला. मुलगी हसली नाही. "आणि... शेऱ्याचा रकाना नव्या सिस्टीममध्ये येत नाही. बाकी सगळं येतं."

"बाकी म्हणजे आकडे."

"हो."

"म्हणजे लग्नाला सगळ्यांना बोलावलंय, फक्त नवरदेवाला येऊ नको म्हणालात."

मुलगी आता हसली आणि सुटली. मामाही हसले. माणसाची एकतीस वर्षं कोणी केराच्या टोपलीत टाकत असलं तर टोपली पुढे सरकवून द्यावी, असा त्यांचा स्वभाव होता. त्यानंतर मात्र त्यांनी एकच ओळ तीनदा भरली.

दुपारी फोन आला. ताईचा.

"धाकट्या, जेवलास?"

साठी आली तरी ताईसाठी ते 'धाकट्या'च होते. "जेवलो. डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, बघायचं ते बघून घ्या."

"असं म्हणाले?"

"गोड शब्दांत म्हणाले. अर्थ हाच. डावा डोळा तर गेलाच आहे. उजवा दोन-तीन महिने म्हणतात. म्हणून म्हटलं, आता येते तुझ्याकडे. तू म्हणायचास ना, तो आहे माझ्या मशीनमध्ये, कधीही ये, दाखवतो."

मामांनी खुर्ची भिंतीकडे वळवली.

तो म्हणजे ताईचा एकुलता एक मुलगा. एकवीस वर्षांपूर्वी, एकोणिसाव्या वर्षी, मामांनीच त्याला इथे आणलं होतं. चौकाच्या प्रसंगात गर्दीला माणसं कमी पडत होती आणि पोरगा घरात नुसता बसून पंख्याचे फेरे मोजत होता. तो फाटकापासूनच "मामा, मामा" अशी हाळी देत यायचा. तिसऱ्या दिवशी वॉचमन मामा म्हणायला लागला, आठवड्याने खुद्द साहेबही. त्याच वर्षी आठ दिवसांच्या तापात पोरगा गेला. हाक मात्र इमारतीने परत केली नाही.

"पण तूच नको म्हणायचीस," मामा म्हणाले. "बघवणार नाही म्हणायचीस."

"म्हणायचे. आता बघवणारच नाहीये, तेव्हा कसले नखरे?"

"घरी फोटो आहेत की, ताई."

"फोटोत तो उभा असतो रे. नाहीतर बसलेला. मला तो चालताना बघायचाय." तिचा आवाज एकदम खाली आला, शेजारी कोणी ऐकेल असा. "कसा चालायचा तेच आठवत नाही मला. आई असून. कुणाला सांगू हे?"

"उद्या ये. अकराला. काढून ठेवतो."

"सापडेल ना?"

"कोणाला विचारतेयस?" मामा म्हणाले.

फोन ठेवून त्यांनी चष्मा पुसला आणि सिनेमाचं नाव टाकलं. मग 'चौक'. मग 'गर्दी'. तीनशे बारा ओळी आल्या. मामांना तो तुकडा ओळींच्या आधीच दिसत होता. पोरगा चौकाच्या पार टोकाकडून येतो. त्याला ताकीद दिलेली असते: इकडेतिकडे बघायचं नाही, सरळ चालत जायचं. तो शहाण्यासारखा चालत येतो, अगदी जवळ येतो, आणि मग थेट कॅमेऱ्यात बघून दात काढतो आणि हात हलवतो. कारण त्याला माहीत असतं, की तीन दिवसांनी या खोलीत बसून ही टेप कोण बघणार आहे.

ओळ सापडली. तारीख तीच. टेप तीनशे सत्तेचाळीस. नऊ सेकंद. मामांनी ओळीवर दोनदा टिचकी मारली.

पडदा लाल झाला. लालावर पांढऱ्या अक्षरांत: मीडिया ऑफलाइन.

म्हणजे नोंद आहे, चित्र जागेवर नाही. रोजचा प्रकार. डिस्क जोडलेली नसली की असं होतं. मामांनी डिस्क बघितली. जोडलेली होती. दुसरी बघितली. मग बाकीच्या सगळ्या. मग ते तळमजल्यावर भांडारात गेले.

भांडारवाला मामांच्याच वयाचा. दोघांत रोज शिव्यांची देवाणघेवाण असे.

"तीनशे सत्तेचाळीस नंबरची टेप दे."

"आणि वर काय देऊ, ग्रामोफोन? टेपा जाऊन अकरा वर्षं झाली. ट्रक भरून गेल्या भंगारात."

"पण डिस्कवर उतरवूनच गेल्या ना?"

"ओके होत्या तेवढ्या उतरवल्या. एनजी कोण उतरवतं?"

"एनजी टाकून द्यायच्या असं कोणी ठरवलं होतं?"

भांडारवाल्याला वाटलं, गंमत चालली आहे. तो हसत हसत खालच्या खणापर्यंत वाकला, एक पिवळा पडलेला कागद काढला आणि नाटकातल्या दवंडीवाल्यासारखा वाचू लागला: "फसलेले टेक कॉपी करू नयेत. जागा निष्कारण अडते. नोंदी मात्र कायम ठेवाव्यात." मग कागद उलटा करून सही दाखवली. "ओळखीची वाटते का? साहेबांनी मीटिंगमध्ये टाळ्या वाजवायला लावल्या होत्या तुझ्यासाठी. मीसुद्धा वाजवल्या, गाढवासारख्या."

मामांनी कागद घेतला, वाचला, परत दिला.

"काय रे? कुठला शॉट होता?"

"गर्दीचा," मामा म्हणाले.

वर येताना जिन्यात त्यांना आणखी एक गोष्ट आठवली. ती आठवली नसती तर बरं झालं असतं, पण त्यांचं डोकंच तसं होतं. त्या दिवशी सेटवरून आलेल्या कागदावर या टेकपुढे 'ओके' लिहिलेलं होतं. चौकात दोनशे माणसं होती, गर्दीतल्या एका पोराने हात हलवलेला कोणाच्याच लक्षात आला नव्हता. लक्षात आला तो एकट्या मामांच्या. त्या दिवशी या खोलीत ते एकटेच मोठ्याने हसले होते. "गाढवा," असं पडद्याला म्हणालेही होते. आणि मग, कॅमेऱ्यात बघितलं की टेक फसला, नियम म्हणजे नियम, कागदावरचं 'ओके' खोडून नोंदीत 'एनजी' लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच मामा खोलीत येऊन बसले. बाकीच्या तीनशे अकरा ओळी त्यांनी एकेक करून उघडल्या. एनजी होत्या त्या लालच निघाल्या; बाकीच्यांत भाचा कुठेच नव्हता. गर्दीत तो त्या एकाच टेकपुरता होता, बाकीचे दिवस सेटवर नुसता हिंडायचा, हेही मग आठवलं. दहा वाजता ते शोधायचं थांबले आणि निवडायला लागले. त्याच चौकातला, त्याच दुपारचा एक शॉट होता. करड्या सदऱ्यातला एक मुलगा, तसाच शेलाटा, कॅमेऱ्याकडे पाठ करून लांब चालत जातो. तोंड दिसत नाही. मामांनी आयुष्यात कोणालाही मागितला त्यापेक्षा वेगळा शॉट दाखवला नव्हता. त्यांनी तो पडद्यावर आणून ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिले.

ताई अकराच्या ठोक्याला आली. ठेवणीतले कपडे, केस चापून बसवलेले, एक हात भिंतीला. एडिटर उठला, स्वतःची खुर्ची तिला दिली आणि न सांगता बाहेर गेला.

"थंड ठेवता रे खोली. पोराला सर्दी झाली असेल इथे."

"तो बाहेर असायचा, ताई. उन्हात."

"बरं. लाव."

तिने खुर्ची ओढली आणि नाक पडद्याला टेकेल इतकी जवळ गेली. मान तिरकी केली, उजव्या डोळ्याच्या कडेने बघायला. मामांनी शॉट सुरू केला.

"कुठला?"

"करड्या सदऱ्यातला. हा, मधून चाललाय तो."

ताईने बघितला. "पुन्हा."

पुन्हा लावला.

"पुन्हा लाव."

तिसऱ्यांदा मामा पडद्याकडे बघत नव्हते, तिच्याकडे बघत होते. तिच्या चेहऱ्यावर करडा उजेड हलत होता आणि चेहरा स्थिर होता.

"हा नाही," ताई म्हणाली.

"एकवीस वर्षं झाली, ताई. पाठमोरा आहे, त्यात तुझा डोळा..."

"हा नाही रे."

"तूच म्हणालीस, कसा चालायचा ते आठवत नाही."

"कसा चालायचा ते आठवत नाही. कसा चालायचा नाही, ते कळतं."

मामांनी शॉट थांबवला. करड्या सदऱ्यातल्या मुलाचा एक पाय हवेत राहिला. मग त्यांनी सांगितलं. टेप, भंगार, तो पिवळा कागद, कागदावरची सही. सेटवर 'ओके' होतं तेही सांगितलं. ते सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण आता एकदा सुरू झाल्यावर त्यांना थांबता येईना.

ताई ऐकत होती. रडली नाही, ओरडली नाही. लहानपणी मामांनी काही फोडलं की ती अशीच ऐकून घ्यायची, आणि मग तुकडे कुठे आहेत ते विचारायची.

"नोंद आहे म्हणालास ना? काय लिहिलंयस? वाच."

"असंच. कामापुरतं."

"वाच, धाकट्या."

मामांनी वाचलं. "गर्दी. चौक. एकजण कॅमेऱ्याकडे बघून हात हलवतो. एनजी."

"एकजण?"

मशीनचा पंखा घरघरत होता.

"नोंदीत नातं लिहीत नाहीत, ताई."

"नातं नको लिहूस. नाव होतं की त्याला." तिने पदराने नाही, हाताच्या पालथ्या बाजूने पडद्यावरची धूळ पुसली, जणू त्यामुळेच दिसत नव्हतं. "आणि हात कुणाला हलवत होता तो?"

"मला."

"मग फसला कसा रे?"

मामांकडे या प्रश्नाला उत्तर होतं. नियमात होतं ते.

"बरं," ताई म्हणाली. "टेप गेली. पण तू बघितलंस ना? तुला सगळं आठवतं म्हणतात. म्हाताऱ्या, मांजरं, सगळं. चालून दाखव."

"कोण, मी?"

"नाहीतर कोण? मामा तू त्याचा. हाडं एकाच घरची. जा, दारातून ये."

मामा बाहेर गेले, दार लावलं, उघडलं आणि दारापासून टेबलापर्यंत सात पावलं चालत आले. ताईने खुर्ची दाराकडे वळवून घेतली होती, मान तिरकी.

"नाही."

पुन्हा बाहेर. पुन्हा आत. जरा झपझप.

"नाही. एवढ्या घाईत नसायचा."

"कायम घाईत असायचा!"

"भूक लागली की. एरवी नाही. पुन्हा."

या खेपेला मामांनी खांदे सैल सोडले. पुढच्या खेपेला एक खांदा पुढे. मग टाचा जरा घासत. त्यांचा गुडघा दुखायला लागला होता आणि तो गुडघा काही केल्या एकोणीस वर्षांच्या मुलाचा होत नव्हता. चालताना ते मनातल्या मनात तो तुकडा लावत होते. हात दिसत होता, दात दिसत होते. चौकातलं ऊन दिसत होतं, मागून जाणारी हातगाडी दिसत होती. पाय दिसत नव्हते. त्यांनी पायांकडे बघितलंच नव्हतं. ते हात हलवायची वाट बघत होते, कारण नोंद त्याची करायची होती.

एडिटरने दार किलकिलं केलं. "मामा, ते लग्नातलं..." समोर मामा छाती काढून, हात हलवत, तरण्या पोरासारखे चालत येत होते. एडिटरने दार लावून घेतलं.

"नाही," ताई म्हणत होती. "नाही. नाही रे. पुन्हा."

नवव्या का दहाव्या खेपेला ती काहीच बोलली नाही. मामा टेबलापाशी येऊन धापा टाकत उभे राहिले.

"ताई? असा?"

"कळत नाही."

"म्हणजे असाच?"

"कळत नाही म्हणतेय." तिने दोन्ही डोळे मिटले, मग बोटांनी दाबले. "आधी निदान कसा नाही ते कळत होतं. आता डोळे मिटले तरी तूच चालतोयस."

मामा हळूच खाली बसले. त्यांची खुर्ची टेबलापलीकडे राहिली होती, म्हणून ते टेपा ठेवायच्या रिकाम्या खोक्यावर बसले. मग ताईने विचारलं, जेवायला डबा आणलायस का, आणि मामा म्हणाले, आणलाय. ती म्हणाली, मग खाऊन घे, मी निघते.

दारात सिस्टीमवाली मुलगी भेटली. तिच्या हातात एक छोटीशी डिस्क होती.

"मामा, मी परवानगी काढलीय. तुमचे सगळे शेरे यात घालून देते. उद्या दुपारनंतर नाही देता येणार."

"नको," मामा म्हणाले.

"अहो, एक लाख ऐंशी हजार..."

"नको, बाळ. आकडे तेवढे ने."

ताई भिंतीला हात लावत पुढे निघाली होती. तिला धरायला मामा झपझप चार पावलं गेले आणि मध्येच थांबले. पुढे झालं की तिच्या तिरक्या नजरेसमोर पुन्हा आपलेच पाय येणार. ते मागे सरले. तिचा हात भिंतीवरून, दाराच्या चौकटीवरून, पुन्हा भिंतीवरून सरकत जिन्याच्या कठड्याला लागला.

"पायरी," मामा मागूनच म्हणाले.

ताईने पाय चाचपडत खाली टाकला. "आहेस ना रे मागे?"

"आहे. अजून एक. आता अजून एक."

ती थांबली की ते थांबत होते. पावलांचा आवाज तिच्यापर्यंत जाऊ नये म्हणून त्यांनी चपला काढून हातात घेतल्या होत्या.